वरून एक चमचा

भांडं, सकाळी

आधी कृती सांगून टाकू, म्हणजे पुढचं भांडण कशावरून पेटलं ते कळेल.

ओट घ्यायचे. साय न काढलेल्या दुधात मऊ होईपर्यंत शिजवायचे. खाली उतरवल्यावर एक चमचा लोणी घालायचं, कोमट झालं की केळं कुस्करून ढवळायचं. झाली लापशी. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी ही कृती सांगितली होती, आणि 'एक चमचा' म्हणताना एक बोट वर धरलं होतं. ते बोट घरातल्या तिघांनीही आपापल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा नंतर कुणी म्हणू नये, की आम्हाला नीट कळलं नव्हतं.

तिघं म्हणजे बाप, आई आणि आजी. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. आई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची आणि दिवसभर गिऱ्हाइकांना विचारायची, "हे स्पष्ट दिसतंय की ते?" आजी म्हणजे आईची आई. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. आता रिटायर झाल्यावर ऐकायला परक्यांचे फोन उरले नव्हते, म्हणून ती घरातल्यांचंच ऐकायची.

चौथी कणी. कागदोपत्री तिला चांगलं लांबलचक नाव होतं, पण जन्मली तीच एवढीशी, म्हणून आजी म्हणाली कणी, आणि तेच चिकटलं. आता ती दीड वर्षाची होऊन गेली होती. मोठ्यांच्या चपला पायात अडकवून घरभर फटक फटक फिरत होती. चालत नव्हतं ते फक्त तिचं वजन. ते एका जागी फतकल मारून बसलं होतं.

डॉक्टर भले होते. म्हणाले, "तपासण्या सगळ्या ठीक आहेत. पोरगी तरतरीत आहे. फक्त पोटात पुरेसं जात नाही. पुढच्या भेटीपर्यंत काटा हलला नाही, तर दाखल करून घेऊ आणि नाकातून बारीक नळी घालून थोडे दिवस दूध देऊ. नळी म्हणजे शिक्षा नाही. घाबरू नका."

घाबरू नका म्हटल्यामुळे आजवर कुणी घाबरायचं थांबलेलं नाही.  घरी येईपर्यंत बापाच्या डोळ्यांपुढे कणीचं नाक होतं. शेंगदाण्याएवढं नाक. त्यात नळी.

उंबऱ्याच्या आत पाय पडला आणि जो तो दुसऱ्यावर घसरला.

"तूच पातळ करतेस," आजी लेकीला म्हणाली.

"आणि तू दिवसभर बिस्किटं चारतेस. मग भूक लागणार कुठून?"

"मी चारते? आणि जावईबापू येताना खिशातून काढतात ते काय असतं, स्क्रू?"

"मला मध्ये घेऊ नका," बाप म्हणाला, आणि त्या क्षणी तो पुरता मध्ये आला.

शेवटी आईने टेबलावर थाप मारली. "बास. उद्यापासून लापशी मी करणार. सकाळीच, कामावर जायच्या आधी, दोन दोन दिवसांची. भांडं फ्रिजमध्ये राहील. हवी तेवढी काढा, कोमट करा, भरवा. पण त्यात कुणी हात घालायचा नाही. कुणी म्हणजे कुणी नाही."

"मीठ?" आजीने विचारलं.

"आई!"

"विचारलं फक्त."

भांडं, संध्याकाळी

संध्याकाळचं भरवणं बापाकडे होतं. कोपरापर्यंत साबण लावून तो हाताचं ग्रीस घालवायचा, नखं वास घेऊन तपासायचा आणि मग कणीसमोर मांडी घालून बसायचा.

शहरातलं कुठलंही अडलेलं दार त्याला उघडता यायचं. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना तो गप्पा मारत मारत बाहेर काढायचा. इथे मात्र त्याची कुठलीच किल्ली लागत नव्हती. कणी तोंड मिटायची ती अशी, की ओठ गडप. नुसती एक रेघ. आणि रेघेच्या वर दोन डोळे, बापाकडे अगदी प्रेमाने बघणारे. तिचं बापाशी काही वाकडं नव्हतं. फक्त तो चमचा...

त्याला वाटायचं, बायकोचा हात मोजका आहे. तिचा एक चमचा म्हणजे काठोकाठ भरून वरून सुरी फिरवलेला. धंदाच तसला, केसाइतका फरक पडला तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं. लोण्याच्या तसल्या एका चमच्याने काय होणार? लेकरू हवेने उडून जायचं.

म्हणून त्याने शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी आणली. कणीला ते सोसतं हे आधीच चाखवून पाहिलेलं होतं. बरणी ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. स्वयंपाकघर म्हणजे दोन बायकांचं राज्य. शेवटी ती त्याच्या पान्यांच्या पेटीत गेली, सगळ्यात खाली, स्वच्छ फडक्यात गुंडाळून. संध्याकाळी फ्रिज उघडायचा, वरून एक चमचा घालायचा, ढवळायचं आणि चमच्याच्या पाठीने वरचा थर पुन्हा सपाट करायचा. चोरसुद्धा इतक्या हळुवार हाताने चोरी करत नसेल.

वाटीत नाही, भांड्यात घालायचा. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यालाही मिळेल.

कणी आठ घासांवरून सहावर आली. त्याने मनाशी म्हटलं, हरकत नाही, घास कमी तर कमी, घासात जोर हवा. दुसरा चमचा पडला. कणी चारावर आली. त्याने

(इथे तिसरा चमचा.)

भरवणं: तिघं आणि एक

आजी: ट्रिंग ट्रिंग! हॅलो, पोट बोलतंय का?

कणी: हाऽऽ लो.

आजी: उघडलं, उघडलं! घाल पटकन!

आई: घालते. कणी, आऽऽ...

कणी: (रेघ)

आजी: गेली लाइन.

आई: फोन ठेव आता, आई. मला बघू दे. कणी, हे हवं की हे? लाल वाटीतलं की निळ्या?

बाप: दोन्हीत तेच आहे.

आई: तू बोलू नकोस रे.

कणी: नाई.

आजी: ऐकलं का! नाही म्हणायला लागली माझी बाय!

आई: काय पण कौतुक. आई, खरं सांग. तू वरून काही घालत नाहीस ना?

आजी: मी? शप्पथ नाही.

आई: आणि तू रे?

बाप: मी कशाला घालू?

आई: नाही, विचारलं आपलं. मीही सांगितलंय तेवढंच घालते.

कणी: नाई नाई नाई.

चारांपैकी खरं बोलत होती ती एकटी कणी.

मध्येच एक लिफ्ट

भेट जवळ येत चालली होती, आणि आईने कॅलेंडरकडे पाठ करून बसायला सुरुवात केली होती.

अशातच एका इमारतीतून तक्रार आली. लिफ्टमध्ये तीन माणसं शिरली की भोंगा वाजतो आणि दार मिटत नाही. आत पाटी आहे सहा माणसांची. बाप सकाळीच पान्यांची पेटी घेऊन गेला. तारा बघितल्या, मोटर बघितली, कॅबिनच्या खालचा वजन जोखणारा सेन्सर बघितला. सगळं चोख. मग बिघडलंय काय? तो कॅबिनमध्ये उभा राहिला, डोकं खाजवलं, खाली बघितलं.

"ही फरशी कधी बसवली?"

चेअरमनबाई दाराशी उभ्या होत्या. "मीच बसवून घेतली. आधीचं रबर कसलं कळकट दिसायचं! अस्सल दगड आहे हो."

"दिसतंय. आणि आरसे?"

"ते दुसऱ्या मजल्यावरच्यांनी दिले. तिन्ही बाजूंना. लिफ्ट मोठी वाटते."

"आणि हे लोखंडी बाक?"

"वरच्या आजोबांचे गुडघे दुखतात ना, त्यांच्या मुलाने करवून आणलं. हौसेने."

बापाने कपाळाला हात लावला. "बाई, तुमची लिफ्ट बिघडलेली नाही. ती भरलेली आहे. आत कुणी नसतानाच भरलेली आहे. मग माणूस शिरला की बिचारी ओरडणार नाही तर काय करणार?"

"पण ज्याने त्याने चांगल्यासाठीच केलं हो," चेअरमनबाई जरा दुखावून म्हणाल्या.

"चांगल्यासाठीच करतात सगळे," बाप म्हणाला. आता फरशी काढायला गवंडी हवा होता, तो दुसऱ्या दिवशी येणार होता. बाप पेटी उचलून घरी आला.

भांडं, दुपारी

आईचा सुट्टीचा वार होता. कणी न जेवताच झोपली होती, एक चप्पल पायात आणि एक हातात. टेबलावर तिची वाटी जवळजवळ भरलेली होती. आई आणि आजी त्या वाटीकडे बघत बसल्या होत्या, निकाल लागलेल्या कागदाकडे बघावं तशा.

त्यांना जरा हसवावं म्हणून बापाने लिफ्टची गोष्ट रंगवून सांगितली. चेअरमनबाईंची नक्कल केली. आजीला हसू आवरेना.

"कसली येडी माणसं! अरे, वस्तू आणताना एकमेकांना विचारायचं तरी!"

"तेच ना," आई म्हणाली.

"भूक लागलीय," बाप म्हणाला.

"आमचा स्वयंपाक व्हायचाय अजून. ती वाटी खा, टाकून द्यायचीच आहे."

त्याने वाटी ओढली. पहिला घास छान लागला. दुसराही. तिसऱ्याला जीभ टाळ्याला चिकटली. आता हा माणूस कसा, तर कुणाकडे गेला आणि 'जेवणार का' विचारलं तर घरून जेवून आलेला असला तरी पान वाढू देणारा. पण पाचव्या घासाला त्याचा हात आपला आपण थांबला. पोटात कुणीतरी वजनाचं माप ठेवल्यासारखं झालं. त्याने चमचा वाटीच्या मध्यावर सोडला. चमचा उभाच राहिला.

तो त्या उभ्या चमच्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे दगडी फरशी आली.

"यात लोणी किती आहे?" त्याने विचारलं.

"एक चमचा," आई म्हणाली.

त्याने उभ्या चमच्याकडे बोट दाखवलं.

"दोन," आई म्हणाली. "कधी तीन. आणि दुधाची पावडर."

"पावडर?"

"वरच्या फळीवर, चहाच्या डब्यात आहे. काय करू मग? खातच नव्हती. म्हटलं, जे काय चार घास जातात त्यात तरी..."

तिचा शब्द न् शब्द त्याच्या ओळखीचा होता. तो स्वतः फ्रिजसमोर उभा राहून हेच म्हणायचा.

मग दोघांनी एकदमच आजीकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?"

"आई."

"साय," आजी म्हणाली. "नुसती साय गं."

"आणि?"

"अंड्याचा बलक. उकडून! कच्चा नाही घातला, एवढी काही मी येडी नाही. तुझ्या हाताचा एक चमचा म्हणजे मला ठाऊक आहे केवढा असतो. लहानपणी तुला लोणी वाढायची तेव्हा तूच म्हणायचीस, आई, जरा भर की." तिने पदर तोंडाला लावला. "दुपारी तुम्ही कुणी नसता. मी आणि ती वाटी. वाटी तशीच भरलेली राहायची."

"आणि तू?" आईने नवऱ्याला विचारलं.

तो उठला. पेटी उघडली. पाने काढले, पक्कड काढली, तपासायचा दिवा काढला, आणि तळातून फडक्यात गुंडाळलेली बरणी टेबलावर ठेवली. बरणीतलं लोणी तळाला गेलं होतं.

"पान्यांच्या पेटीत?" आई म्हणाली. "तू माझ्या पोरीचं खाणं पान्यांच्या पेटीत ठेवलंस?"

"फडकं धुतलेलं होतं."

आधी आजी हसली. मग आईही हसायला लागली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. "म्हणजे ती नाही नाही म्हणत होती ते खरंच सांगत होती रे. आणि मी म्हणत होते, अजून एक, बघ ना, अजून एकच. तिच्या गालाला धरून. मी तिच्या गालाला धरून..."

बापाने तिच्या पाठीवर हात ठेवला.  कणीच्या गालाला तोही धरतच होता.

फोन, खरा

"हे मी सांगते," आजी म्हणाली. "नंबर द्या."

आणि तिने तो जुना आवाज लावला, ज्या आवाजाने ती पूर्वी मोठमोठ्या साहेबांना थांबवून ठेवायची. आहारवाल्या बाईंना तिने सगळं सांगितलं. लोणी, पावडर, साय, बलक, पान्यांची पेटी. काही झाकलं नाही, स्वतःची साय तर नाहीच नाही. 

"आहात का लाइनवर?" आजीने विचारलं.

"आहे," बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या, रागावल्याही नव्हत्या. "आजी, घातलंत त्यातलं वाईट काहीच नाही हो. सगळं मीच सांगितलं असतं, वेगवेगळ्या वेळी. पण तिचं पोट तिच्या मुठीएवढं. दोन घासांत भरतं आणि मग तासन् तास भरलेलंच राहतं. तिला भूक लागू द्या. मध्ये मध्ये पाणी सोडून काही नको. थोडं थोडं द्या, ती हातात घेईल असं. सांडू द्या, माखू द्या. वीसेक मिनिटं झाली की ताट उचला. खाल्लं तर वाहवा नको, नाही खाल्लं तर तोंड पाडू नका. आणि एक..."

"बोला."

"तिला द्यायच्या आधी तुम्ही चाखून बघत जा."

आजीने फोन ठेवला, टेबलावरची ती वाटी ओढली आणि एक घास स्वतः चाखून बघितला.

भांडी

ते एक मोठं भांडं घासून वर ठेवून दिलं. त्याच्या जागी तीन लहान आली, आणि ज्याचं त्याचं भांडं ठरलं. सकाळची लापशी आईची, एक चमचा लोणी घातलेली, सैलसर. दुपारी आजीने बटाटा उकडून साईत कुस्करायचा आणि सोबत अंड्याचे बोटाएवढे तुकडे. संध्याकाळी बापाने पिकल्या केळ्याच्या फोडींना शेंगदाण्याच्या लोण्याचं पातळ बोट लावायचं. घाला हवं ते, पण आपल्याच भांड्यात. दुसऱ्याच्या भांड्याकडे बघायचंसुद्धा नाही.

पहिला दिवस उपासासारखा गेला. कणीने लापशी चपलेत ओतली. बटाट्यात हात बुडवून तो भिंतीला लावला. आजी ओठ दाबून खिडकीबाहेर बघत बसली, कारण तोंड पाडायचं नव्हतं. वेळ संपल्यावर आईने ताट उचललं. ताट उचलणं हे तिने आजवर केलेलं सगळ्यात अवघड काम होतं, आणि ते करताना तिने एकदाही 'अजून एक' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. बापाच्या मनात पुन्हा ती नळी यायला लागली. आपण उशीर तर नाही ना केला?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने फोडींची ताटली जमिनीवर ठेवली आणि मुद्दाम दुसरीकडे बघत पेटी पुसायला घेतली. कणीने एक फोड उचलली, ती पान्यावर ठेवली. दुसरी बापाच्या गुडघ्यावर चिकटवली. तिसरी हातात धरून तिने तिच्याकडे बघितलं, उलटी केली, वास घेतला. बाप पक्कड पुसत होता. तीच पक्कड, परत परत.

मग त्याला ऐकू आलं. एवढासा, ओला आवाज. चघळण्याचा.

त्याने वर बघितलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात आई आणि आजी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. कणीने गुडघ्यावरची फोड काढून खाल्ली. पान्यावरचीही खाल्ली. मग रिकामी ताटली कानाला लावून म्हणाली, "हाऽऽलो?"

"बोला," आजी दारातूनच म्हणाली. 

"आन," कणी म्हणाली.

काटा

भेटीच्या दिवशी तिघंही गेली, कारण मागे कुणी राहायला तयार नव्हतं. नर्सने कणीला काट्यावर बसवलं. कणीने काटा हलवायला स्वतःच मदत केली, म्हणजे त्यावर नाचली. नर्स म्हणाली, "जरा स्थिर." बापाला वाटलं, एवढा वेळ तर लिफ्टला तळापासून गच्चीपर्यंत जायला लागत नाही.

डॉक्टरांनी आकडा वाचला, मागचा आकडा बघितला, पुन्हा हा बघितला.

"थोडं आहे," ते म्हणाले. "पण वर आहे. बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा वर आहे. नळीचं तूर्त राहू दे. असंच चालू ठेवा आणि पुढच्या महिन्यात दाखवा. काय केलंत?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"कमी केलं," आई म्हणाली.

डॉक्टरांना ते नीट कळलं नसावं, पण दाराशी उभ्या असलेल्या आहारवाल्या बाईंनी हसून एक बोट वर केलं.

खाली उतरायला लिफ्टशी गर्दी होती. सामानाची ढकलगाडी घेतलेला एक माणूस आत होता, आणखी बरीच माणसं होती. बाप शिरला, आई शिरली. शेवटी आजी शिरली, कणीला कडेवर घेऊन. तिचा पाय आत पडला मात्र,

भोंगा वाजला.

सगळी माणसं वैतागली. "उतरा कुणीतरी," ढकलगाडीवाला म्हणाला. पण आजीचा चेहरा असा उजळला होता, जसा दवाखान्यातल्या आकड्यानेही उजळला नव्हता.

"ऐकलं का!" ती अख्ख्या लिफ्टला म्हणाली. "वाजली! आमची पोरगी आत आली आणि वाजली!"

बापाने ढकलगाडीकडे बघितलं. गाडीत पाण्याच्या मोठाल्या बाटल्या खचाखच भरल्या होत्या. त्याला एका नजरेत कळलं होतं काय झालं आहे ते. कळणारच, त्याची रोजीच ती होती. तो आजीला काहीही म्हणाला नाही.

"मी उतरतो," तो म्हणाला. "आता मलाच जागा करून द्यायला हवी."

दार मिटायला लागलं. मिटत्या फटीतून कणीने त्याला हात केला. तिच्या तोंडात काहीतरी होतं, आणि ती ते चावत होती. तो जिन्याकडे वळला आणि दोन दोन पायऱ्या टाकत खाली धावला, तिच्या आधी पोचायला.